काडीकचऱ्यापासून हायड्रोजन: जिवाणू तो तयार करतात कसा आणि आपल्या हाती किती लागतो

गोबरगॅसच्या प्रत्येक टाकीत, गाईम्हशींच्या पोटातील पहिल्या मोठ्या कप्प्यात आणि पाणी साचलेल्या भातखाचराच्या चिखलात हायड्रोजन वायू सतत तयार होत असतो. तरीही गोबरगॅसच्या शेगडीपर्यंत तो जवळजवळ पोहोचत नाही, कारण एका गटातील सूक्ष्मजीवांनी तो सोडल्याबरोबर शेजारच्या दुसऱ्या गटातील सूक्ष्मजीव तो वापरून टाकतात आणि त्यापासून मिथेन बनवतात. पिकांच्या अवशेषांपासून हायड्रोजन इंधन मिळवण्याचे तंत्र समजून घ्यायचे असेल, तर सुरुवात इथूनच करावी लागते. हायड्रोजन सोडणारे जिवाणू मातीत, शेणात आणि सांडपाण्याच्या गाळात मुबलक आहेत. त्यांनी सोडलेला हायड्रोजन इतरांच्या तावडीतून वाचवणे आणि तो काढून घेतल्यावर मागे राहिलेल्या आम्लांतील ऊर्जाही पदरात पाडून घेणे, ही या तंत्रातील खरी मेहनत आहे.

हायड्रोजनचे एवढे महत्त्व का, हे थोडक्यात सांगतो. एक किलो हायड्रोजनपासून सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा मिळते, तर एक किलो पेट्रोलपासून साधारण ४४. वापरताना त्यातून धूर निघत नाही, केवळ पाणी तयार होते. भारतात आजही वर्षाला ५० ते ६० लाख टन हायड्रोजन लागतो, तो मुख्यतः तेलशुद्धीकरणासाठी आणि खतांना लागणाऱ्या अमोनियासाठी. हा बहुतेक सर्व हायड्रोजन नैसर्गिक वायूवर तप्त वाफेची प्रक्रिया करून काढला जातो आणि त्यात प्रत्येक किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्र सरकारने ४ जानेवारी २०२३ रोजी १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘हरित’ कशाला म्हणायचे याची मर्यादा ठरवली: एक किलो हायड्रोजनमागे जास्तीत जास्त २ किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन. या व्याख्येत पाण्याचे विद्युत विघटन करून मिळवलेल्या हायड्रोजनबरोबरच जैवभारापासून, म्हणजे पिकांच्या अवशेषांसारख्या सेंद्रिय मालापासून, मिळवलेला हायड्रोजनही धरला आहे. चर्चा मात्र बहुतेक विद्युत विघटनाचीच होते. त्या मार्गाने एक किलो हायड्रोजन काढायला ५० युनिटांहून अधिक वीज खर्ची पडते. जैविक मार्गात हायड्रोजन सुटा करण्यासाठी अशी वीज पुरवावी लागत नाही. पिकाने उन्हातून घेतलेली आणि काडीत साठवलेली ऊर्जाच तिथे कामी येते.

काडीची आपल्याकडे कमतरता नाही. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार देशात दरवर्षी सुमारे ७५ कोटी टन जैवभार उपलब्ध होतो आणि त्यातील सुमारे २३ कोटी टन इतर कोणत्याही उपयोगाविना शिल्लक राहतो. हा आकडा वाचताना शेतकऱ्याच्या अंगणातले वास्तव डोळ्यांसमोर ठेवावे लागते. ज्वारीचा कडबा हा जनावरांचा चारा आहे, त्याला कचरा म्हणता येत नाही. सोयाबीनचे आणि हरभऱ्याचे कुटार गोठ्यात जाते. उसाचे चिपाड, म्हणजे बगॅस, साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळते आणि त्यावर सहवीजनिर्मिती चालते. खऱ्या अर्थाने शिल्लक राहते ते उसाचे पाचट, कपाशीची पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या, केळीचे खुंट, कापणी यंत्राने काढलेल्या भाताचा पेंढा आणि बाजार समित्यांत कुजणारा भाजीपाला. यातले बरेचसे आजही पेटवून दिले जाते. हायड्रोजनसाठी कच्चा माल म्हणून यांकडे पाहताना सगळ्यांना एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल, कारण सूक्ष्मजीवांना यातील काही सहज पचते, तर काही जवळजवळ पचतच नाही.

ते का, हे काडीच्या रचनेत दिसते. भाताच्या पेंढ्याच्या कोरड्या वजनात साधारण एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग सेल्युलोजचा, पाचवा ते चौथा हिस्सा हेमिसेल्युलोजचा, त्याखालोखाल लिग्निनचा आणि उरलेला बराचसा सिलिकायुक्त राखेचा असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंची सरळ साखळी. अशा अनेक साखळ्या एकमेकींना चिकटून घट्ट वळलेल्या दोरखंडासारख्या बसलेल्या असतात. हेमिसेल्युलोज हीदेखील साखरेचीच साखळी आहे, पण ती फांद्याफांद्यांची, सैल आणि मुख्यतः झायलोज या पाच कार्बनच्या साखरेची बनलेली असते. या दोहोंना लिग्निन वेढून राहते. लिग्निनमध्ये साखर नसते, आणि ऑक्सिजन नसलेल्या टाकीत त्याचे विघटन इतके कमी होते की व्यवहारात ते शून्यच धरावे लागते. पऱ्हाटी आणि तुराट्या या लाकडासारख्या कठीण असण्याचे कारण त्यांतील लिग्निनचे जास्त प्रमाण हेच आहे, आणि म्हणूनच जिवाणूंच्या दृष्टीने पेंढा किंवा मक्याचा कडबा पऱ्हाटीपेक्षा कितीतरी सोपा.

हे लिग्निनचे वेष्टण फोडण्यासाठी कारखान्यांत काडी वाफेच्या दाबाखाली ठेवून एकदम मोकळी करतात, सौम्य आम्लात उकळतात किंवा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, आणि नंतर विकरे, म्हणजे एन्झाइम, वापरून साखर सोडवतात. या पूर्वप्रक्रियेच्या प्रत्येक पायरीला पैसा लागतो. शिवाय आम्लात तापवताना साखरेचा काही भाग बिघडून फरफ्युरलसारखी द्रव्ये तयार होतात आणि पुढे ज्या जिवाणूंनी काम करायचे त्यांनाच ती बाधतात. यावर दुसरा उपाय असा, की साखर सोडवण्याचे कामही सूक्ष्मजीवांवरच सोपवायचे. क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलम हा जिवाणू ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वाढतो आणि सेल्युलोज तोडणारी अनेक विकरे एकाच चौकटीवर रचून आपल्या पेशीच्या पृष्ठभागावर बाळगतो. काडीच्या तंतूला तो चिकटतो आणि जागेवरच साखळी तोडू लागतो. न्यूझीलंडच्या उष्ण झऱ्यांत सापडलेला काल्डिसेल्युलोसिरप्टर सॅकरोलिटिकस ७० अंशांना हेच काम करतो आणि त्याबरोबर हायड्रोजनही सोडतो. एकेकटा जिवाणू सगळी कामे सारख्याच कौशल्याने करत नाही, म्हणून काडी तोडणारे, साखर आंबवणारे आणि एकमेकांना पूरक द्रव्ये पुरवणारे असे अनेक जिवाणू एकत्र नांदवणे व्यवहारात अधिक टिकाऊ ठरते.

साखर सुटली की खरी गोष्ट सुरू होते. क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमसारख्या जिवाणूच्या पेशीत ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुव्हेटचे दोन रेणू तयार होतात आणि त्यातून पेशीला थोडी ऊर्जा मिळते. या तोडमोडीत साखरेतील काही इलेक्ट्रॉन मोकळे होतात. आपल्या शरीरात असे इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला दिले जातात आणि पाणी बनते. टाकीतल्या जिवाणूकडे ऑक्सिजन नसतो, आणि इलेक्ट्रॉन साठवून ठेवणेही त्याला शक्य नसते, कारण ते कोणाला तरी दिल्याशिवाय पुढची साखर तोडता येत नाही. मग फेरेडॉक्सिन नावाचे लोहयुक्त प्रथिन ते इलेक्ट्रॉन उचलते आणि हायड्रोजिनेज या विकराकडे पोहोचवते. हायड्रोजिनेजच्या गाभ्यात लोहाचे अणू असतात; तिथे आजूबाजूच्या पाण्यातील हायड्रोजनच्या धनभारित कणांना हे इलेक्ट्रॉन मिळतात, दोन कण जोडले जातात आणि हायड्रोजन वायूचा एक रेणू बुडबुड्यात निघून जातो. मार्जरी स्टीफन्सन आणि लेनर्ड स्टिकलंड यांनी केंब्रिजमध्ये १९३१ साली या विकराचे वर्णन केले आणि त्याला हे नाव दिले. या जिवाणूंतील हायड्रोजिनेज ऑक्सिजनच्या संपर्कात आले की बहुधा कायमचे निकामी होते, त्यामुळे टाकीत हवा शिरणे म्हणजे उत्पादन थांबणे. उजेडाची गरज नसल्यामुळे या पद्धतीला अंधारातील किण्वन असे म्हणतात.

ग्लुकोजच्या एका रेणूत आणि त्याबरोबर वापरल्या जाणाऱ्या पाण्यात मिळून हायड्रोजन वायूचे १२ रेणू देण्याची क्षमता असते. अंधारातील किण्वनात मात्र जास्तीत जास्त ४ मिळतात, तेही सगळी साखर ॲसेटिक आम्लाच्या वाटेने गेली तर. ती ब्युटिरिक आम्लाच्या वाटेने गेली, तर दोनच. खवट लोण्याला जो वास येतो तो याच आम्लाचा, आणि हायड्रोजनच्या टाकीजवळही तोच वास येतो. साखर लॅक्टिक आम्लाकडे वळली, तर हायड्रोजन जवळपास मिळतच नाही. कोणती वाट धरायची हे जिवाणू आपल्या सोयीने ठरवतो. भोवतीच्या द्रवात हायड्रोजन साचू लागला, की आणखी हायड्रोजन सोडणे त्याला जड जाते आणि तो इलेक्ट्रॉन दुसऱ्या द्रव्यांत गुंतवतो. म्हणून टाकी सतत ढवळत ठेवणे, वायू हलक्या निर्वाताने ओढून घेणे किंवा नायट्रोजनचे बुडबुडे सोडणे असे उपाय करतात, आणि म्हणूनच उष्णताप्रेमी जिवाणू चारच्या मर्यादेच्या जवळ पोहोचतात. तापमान वाढले की ही रासायनिक अडचण कमी होते. साध्या तापमानाच्या टाक्यांत एका रेणूमागे एक ते अडीच एवढे उत्पादन सामान्य समजले जाते.

आता सुरुवातीला सांगितलेल्या हायड्रोजनच्या चोरीकडे वळू. प्रयोगशाळेतील काचेची एक लहान बाटली घ्या. तिच्या तोंडाला जाड रबरी बूच बसवून वर ॲल्युमिनियमची टोपी आवळलेली आहे. आत बारीक दळलेला पेंढा, पाणी, थोडी खनिजे आणि गोबरगॅसच्या टाकीतून आणलेला काळा गाळ आहे, आणि नायट्रोजन फुंकून आतली हवा काढून टाकलेली आहे. बाटली ३७ अंशांवर ठेवून रोज सुईने थोडा वायू ओढून तपासला, तर सुरुवातीला हायड्रोजन दिसतो, मग त्याचे प्रमाण घसरू लागते आणि त्याच्या जागी मिथेन वाढत जाते. आता तोच गाळ आधी अर्धा-एक तास उकळत्या पाण्याच्या तापमानाला ठेवून मग बाटलीत घाला. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव बीजाणू तयार करत नाहीत, त्यामुळे ते या उष्णतेत मरतात. क्लॉस्ट्रिडियम मात्र टणक कवचाचे बीजाणू करून सुप्तावस्थेत जातात आणि बाटली गार झाल्यावर पुन्हा जागे होतात. या दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन साचत जातो.

मोठ्या टाकीत रोज टनावारी गाळ उकळणे परवडणारे नाही, आणि न उकळलेल्या पेंढ्याबरोबर मिथेनवाले सूक्ष्मजीव पुन्हा येतच राहतात. तिथे दोन इतर उपाय कामाला येतात. पहिला सामूचा, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या आकड्याचा (पीएच). हायड्रोजन करणारे जिवाणू ५ ते ६ सामूला, विशेषतः साडेपाचच्या आसपास, चांगले काम करतात, तर मिथेन करणाऱ्यांना ७ च्या जवळचा सामू लागतो. आंबवण्यात तयार होणारी आम्ले सामू आपोआप खाली आणतातच. तो साडेचारच्याही खाली घसरून हायड्रोजनवाल्यांचेच काम थांबू नये एवढी काळजी घ्यावी लागते. दुसरा उपाय वेळेचा. मिथेनवाले फार सावकाश वाढतात आणि एकाचे दोन व्हायला त्यांना कित्येक दिवस लागू शकतात, तर क्लॉस्ट्रिडियमला काही तास पुरतात. टाकीतील द्रव दिवसा-दोन दिवसांत बदलत ठेवला, तर सावकाश वाढणारे वाहून जातात. यात पेच असा, की काडी पचायला स्वतः अनेक दिवस लागतात. साखरेच्या मळीसारख्या द्रव कच्च्या मालाला हा उपाय सहज लागू पडतो. पेंढ्याला लावायचा तर द्रव लवकर काढून घ्यायचा आणि तंतू टाकीत मागे ठेवायचे अशी रचना करावी लागते.

आणखी एक चोर यातूनही निसटतो. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र करून ॲसेटिक आम्ल बनवणारे जिवाणू आहेत. त्यांच्यातील काही बीजाणूही करतात, त्यामुळे उकळण्याने ते मरत नाहीत. वायू लवकर बाहेर ओढून घेणे एवढाच त्यांच्यावरचा बऱ्यापैकी उपाय आहे.

हे सारे नीट जमले तर एक टन पेंढ्यापासून किती हायड्रोजन मिळेल, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक टन कोरड्या पेंढ्यातील सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज मिळून साधारण ६०० किलो साखर निघू शकते. एक किलो ग्लुकोजपासून चार रेणूंच्या मर्यादेने ४४ ग्रॅम हायड्रोजन मिळतो, म्हणजे कागदावर सुमारे २६ किलो. प्रत्यक्षात पूर्वप्रक्रियेशिवाय अर्धी साखर सुटली आणि एका रेणूमागे दोन रेणू हायड्रोजन मिळाला असे धरले, तर हा आकडा ७ किलोच्या आसपास येतो. हायड्रोजनवर चालणारी मोटार एका किलोत साधारण १०० किलोमीटर जाते, तेव्हा ७ किलो काही क्षुल्लक नाही. पण त्यातील ऊर्जा होते सुमारे ८४० मेगाज्यूल. आता टाकीतील मिश्रणात दहा टक्के काडी धरली, तर एक टन पेंढ्याबरोबर ९ टन पाणी येते, आणि हे पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १,३०० मेगाज्यूल उष्णता लागते. उष्णताप्रेमी जिवाणूंचे उत्पादन जास्त असते हे खरे, पण बाहेर पडणाऱ्या गरम द्रवातील उष्णता परत वापरली नाही, तर त्यांना ऊब देण्यातच हायड्रोजनहून अधिक ऊर्जा खर्च होते. ३७ अंशांवर थांबले तरी सुमारे ४५० मेगाज्यूल जातात. निव्वळ हायड्रोजनच्या भरवशावर पेंढ्याचा प्रकल्प उभा राहत नाही, हे माझे मत या आकड्यांवरून बनले आहे.

राहिलेली ऊर्जा कुठे आहे हे उघड आहे: ॲसेटिक आणि ब्युटिरिक आम्लांत, आणि न पचलेल्या तंतूंत. ती मिळवण्याचे तीन मार्ग संशोधकांनी तपासले आहेत. एका मार्गात ही आम्ले जांभळ्या जिवाणूंना उजेडात खाऊ घालतात. हॉवर्ड गेस्ट आणि मार्टिन केमन यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले, की हे जिवाणू प्रकाशात हायड्रोजन सोडतात. त्यांच्यात हे काम हवेतील नायट्रोजन स्थिर करणारे नायट्रोजिनेज विकर करते. तत्त्वतः ॲसेटिक आम्लाच्या एका रेणूपासून इथे चार रेणू हायड्रोजन मिळू शकतो आणि बाराचा आकडा पूर्ण होतो. पण अमोनिया असला की नायट्रोजिनेज बंद पडते, गढूळ द्रवात उजेड काही सेंटिमीटरच शिरतो, आणि मग उथळ पारदर्शक टाक्या एकरांवर पसराव्या लागतात. दुसरा मार्ग विजेचा. आम्ल खाऊन इलेक्ट्रॉन थेट विद्युताग्राला (इलेक्ट्रोडला) देणारे जिओबॅक्टरसारखे जिवाणू आहेत. त्यांना थोडा विद्युतदाब पुरवला, तर दुसऱ्या विद्युताग्रावर हायड्रोजन निघतो. पेन स्टेट विद्यापीठातील ब्रूस लोगन यांच्या गटाने आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी २००५ च्या सुमारास हे दाखवले. पाण्याच्या विघटनाला तत्त्वतः १.२३ व्होल्ट आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात, तर इथे एका व्होल्टहून कमी दाब पुरतो. तत्त्व म्हणून हा मार्ग मला सर्वांत देखणा वाटतो, मात्र विद्युताग्रांची किंमत आणि मोठ्या टाकीत घसरणारा वेग यांमुळे तो अजून शेतापर्यंत आलेला नाही.

तिसरा मार्ग म्हणजे ज्या मिथेनवाल्यांना पहिल्या टाकीतून हाकलले, त्यांनाच दुसऱ्या टाकीत मानाने बसवणे. पहिल्या टाकीतून बाहेर पडलेला आम्लयुक्त द्रव आणि उरलेले तंतू दुसऱ्या मोठ्या टाकीत जातात, तिथे सामू ७ च्या जवळ ठेवला जातो, द्रव दोन-तीन आठवडे राहतो आणि आम्लांचे मिथेन होते. एक टन पेंढ्यापासून अगदी सावधपणे १५० घनमीटर मिथेन धरले, तरी त्यात सुमारे ५,४०० मेगाज्यूल ऊर्जा येते, म्हणजे हायड्रोजनच्या सहापटींहून अधिक. त्यातील थोडे मिथेन टाक्या तापवायला वापरले, तर बाकीचे स्वच्छ करून सीएनजीप्रमाणे विकता येते, किंवा वाफेच्या प्रक्रियेने त्याचाही हायड्रोजन करता येतो. त्या रूपांतरात एक किलो हायड्रोजनला साधारण तीन-साडेतीन किलो मिथेन लागते, त्यामुळे १५० घनमीटरांपासून आणखी ३० किलोच्या आसपास हायड्रोजन मिळू शकतो. याचा अर्थ असा, की ‘पेंढ्यापासून एवढा हायड्रोजन’ असा मोठा आकडा वाचनात आला, तर त्यातील किती थेट जिवाणूंनी सोडलेला आणि किती मिथेनमार्गे काढलेला, हे आधी विचारावे.

पुण्यातील काम याच दोन टाक्यांच्या मार्गाने गेले आहे. आघारकर संशोधन संस्था, जी १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीची संस्था म्हणून सुरू झाली, आणि केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या पुढाकाराने उभी राहिलेली सेंटिएंट लॅब्स यांनी २०२१ मध्ये आपले तंत्र जाहीर केले. संस्थेचे तेव्हाचे संचालक प्रशांत ढाकेफळकर हे स्वतः ऑक्सिजनविरहित सूक्ष्मजीवांचे अभ्यासक आहेत. खास जुळवलेल्या जिवाणूसमूहाकडून भात, गहू किंवा मक्याची काडी उष्णता, रसायने किंवा विकत घेतलेली विकरे यांच्या पूर्वप्रक्रियेशिवाय पचवायची, पहिल्या टप्प्यात हायड्रोजन आणि दुसऱ्या टप्प्यात मिथेन घ्यायचे, आणि हवे तर त्या मिथेनपासूनही हायड्रोजन करायचा, अशी ही योजना आहे. नेहमीच्या जैववायू प्रक्रियेपेक्षा ती २५ टक्के अधिक कार्यक्षम असल्याचे संस्थेने म्हटले आहे. पूर्वप्रक्रियेचा खर्च टाळणे हा यातील सर्वांत मोलाचा भाग आहे, असे मला वाटते, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी उभारायच्या प्रकल्पात आम्लाच्या टाक्या आणि उच्च दाबाची भांडी सांभाळणे हे टाकीतील जिवाणू सांभाळण्यापेक्षा महाग आणि धोक्याचे असते.

द्रव कच्च्या मालावर भारतात याहून आधी बरेच काम झाले आहे. आयआयटी खरगपूरमध्ये देवव्रत दास यांच्या गटाने वेगळ्या केलेल्या एंटेरोबॅक्टर क्लोएसी या जिवाणूच्या वाणाचा जगभर अभ्यास झाला. चेन्नईच्या टी. एम. वत्सला आणि सहकाऱ्यांनी आसवनीच्या (डिस्टिलरीच्या) सांडपाण्यावर १०० घनमीटरच्या टाकीत तीन जिवाणूंचे मिश्रण वाढवून सुमारे ४० तासांत २१.३८ किलो हायड्रोजन मिळवल्याची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध केली. ग्लुकोजच्या एका रेणूमागे ते २.७६ रेणू होते. एवढ्या मोठ्या टाकीत हे प्रमाण राखणे सोपे नाही. मळी किंवा आसवनीच्या सांडपाण्यात साखर आधीच विरघळलेली असते, हा तिथला मोठा फायदा. काडीला तो नाही.

टाकीतून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास हायड्रोजन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, थोडा हायड्रोजन सल्फाइडही असतो. मोटारीतील, हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलला ९९.९७ टक्के शुद्ध हायड्रोजन लागतो, त्यामुळे दाबाखाली शोषक दाण्यांच्या थरांतून वायू गाळावा लागतो. त्यात काही हायड्रोजन वाया जातो. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन ११ हजार लिटरांहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो ३५० किंवा ७०० पट दाबाने भरायचा खर्च वेगळाच. गावोगावी छोट्या टाक्या बांधून हायड्रोजन विकण्याची कल्पना मला म्हणूनच पटत नाही. जिथे काडी किंवा सेंद्रिय अवशेष आधीच एका जागी येतात, जिथे टाकाऊ उष्णता मिळते आणि जिथे वायू शुद्ध करणारी यंत्रणा सांभाळायला तंत्रज्ञ आहेत, तिथून सुरुवात झाली पाहिजे. महाराष्ट्रात साखर कारखाना ही तशी जागा आहे. कारखान्याकडे ऊस आणणारी वाहने, मळी, आसवनी आणि बॉयलरची उष्णता हे सारे असते. गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालतो आणि एरवीचे महिने टाकी उपाशी ठेवता येत नाही. जिवाणूसमूह एकदा विस्कटला की तो पुन्हा बसवायला आठवडे लागतात. तेवढ्या काळासाठी गाठी बांधून ठेवलेले पाचट, मक्याचा अवशेष किंवा भाताचा पेंढा लागेल. पाचट एका हेक्टरमागे ८ ते १० टन निघते, पण ते इतके हलके आणि फुगीर असते की गाठी न बांधता वाहून नेले तर ट्रॉली भरते आणि वजन मात्र होत नाही.

पाण्याचा प्रश्नही इथे सोडून देता येत नाही. एका टनाला ९ टन पाणी मराठवाड्यात कुठून आणायचे? दुसऱ्या टाकीतून निघालेला द्रव गाळून पहिल्या टाकीत परत सोडणे हे त्याचे उत्तर आहे. त्या द्रवात क्षारता असते, त्यामुळे पहिल्या टाकीचा सामू सांभाळायला चुना किंवा सोडा कमी लागतो, आणि शेण किंवा कोंबडखत मिसळून पुरवलेले नायट्रोजनही परत मिळते. पेंढ्यात कार्बनच्या मानाने नायट्रोजन फार कमी असल्यामुळे ते मिसळणे भागच असते. फक्त या द्रवाबरोबर मिथेनवाले सूक्ष्मजीवही परत येतात, म्हणून तो आधी गरम करून किंवा काही काळ आम्लात ठेवून मगच आत घ्यावा लागतो.

मातीशी असलेला संबंध माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचा. पाचट न जाळता सरीत ठेवून, युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू वापरून ते जागेवरच कुजवावे, असे कृषी शास्त्रज्ञ ऊस उत्पादकांना सांगत आले आहेत आणि अनेकांनी ते अंगीकारलेही आहे. त्या शेतातून पाचट उचलून हायड्रोजनसाठी नेणे म्हणजे जमिनीच्या सेंद्रिय कर्बावरच घाला. जिथे पाचट किंवा पेंढा पेटवलाच जातो, तिथे चित्र वेगळे असते, कारण जाळल्यावर कर्ब आणि नायट्रोजन दोन्ही हवेत जातात. दोन टाक्यांतून गेलेल्या काडीतील नायट्रोजन, स्फुरद आणि पालाश जवळपास तसेच राहतात, आणि लिग्निनही बहुतांश तसेच उरते, जे मातीत सावकाश कुजून ह्युमस तयार होण्यास हातभार लावते. टाकीतून उरलेली ही रबडी, म्हणजे स्लरी, गाळून, घन भाग कंपोस्ट करून, ज्या शेतकऱ्याने काडी दिली त्याच्याच शेतात ती परत पोहोचवण्याची व्यवस्था प्रकल्पाच्या करारात लिहिलेली असली पाहिजे, आणि काडीचा दर ठरवताना त्या स्लरीचे वजन व तिच्यातील पालाशाचे प्रमाणही तपासून नोंदवले पाहिजे.